खुनी कोण, हे माहीत असूनही: हॉलिवुडचे जुने नॉयर चित्रपट पुन्हा पाहताना

‘डबल इन्डेम्निटी’ सुरू होऊन दहा मिनिटंही झालेली नसतात आणि खुनी आपला गुन्हा कबूल करून मोकळा होतो. लॉस एंजलिसमधली रात्र. वॉल्टर नेफ नावाचा विमा एजंट, खांद्यात गोळी लागलेली, आपल्या ऑफिसात येतो, आवाज मुद्रित करणाऱ्या यंत्रासमोर बसतो आणि सहकाऱ्यासाठी सगळं सांगायला लागतो. खून मी केला. पैशासाठी केला, एका बाईसाठी केला. पैसा मिळाला नाही, बाईही मिळाली नाही. रहस्यपटाने जे शेवटच्या रिळापर्यंत झाकून ठेवायचं, ते बिली वाइल्डरने १९४४ साली पहिल्याच रिळात देऊन टाकलं.

मग पुढचा दीड तास बघायचं काय? नॉयर (फ्रेंचमध्ये ‘काळा’) चित्रपट, म्हणजे त्या काळातले हॉलिवुडचे अंधारे गुन्हेपट, समजून घ्यायला मला हाच प्रश्न सगळ्यात उपयोगी वाटतो. हे चित्रपट पहिल्यांदा पाहताना आपण गोष्टीमागे धावत असतो: कोणी कोणाला फसवलं, पैसे कुठे गेले, पिस्तूल कोणाकडे होतं. त्या धावपळीत निम्मा चित्रपट निसटून जातो. दुसऱ्यांदा पाहताना गोष्ट ठाऊक असते, आणि तेव्हा कुठे नजर दिव्यांकडे, कॅमेऱ्याकडे, चेहऱ्यांकडे जाते. काय दाखवायला बंदी होती आणि ती बंदी सांभाळून काय दाखवलं आहे, हेही तेव्हाच कळायला लागतं. जुने नॉयर दुसऱ्या वेळेलाच खऱ्या अर्थाने भेटतात, असं माझं ठाम मत आहे.

आधी रहस्यपट आणि नॉयर यांतला फरक. १९३० च्या दशकातला हॉलिवुडचा रहस्यपट बहुतेक वेळा कोड्यासारखा असे. १९३४ चा ‘द थिन मॅन’ घ्या. विल्यम पॉवेल आणि मिर्ना लॉय हे एकमेकांवर जीव असलेलं, खाऊनपिऊन सुखी जोडपं, त्यांचा कुत्रा, आणि शेवटी सगळ्या संशयितांना जेवणाच्या टेबलाभोवती बसवून गुन्हेगाराचं नाव जाहीर. फार आनंदाचा चित्रपट आहे आणि आजही ताजा वाटतो. जगाची घडी नीट होती, एकाने ती विस्कटली, हुशार माणसाने पुन्हा बसवली, अशी त्याची मांडणी. नॉयरमध्ये घडी मुळात बसलेलीच नसते. पोलीस विकले गेलेले असतात, बंगल्यांमध्ये काहीतरी कुजत असतं आणि तपास करणारा माणूसही धुतल्या तांदळासारखा नसतो.

हॉलिवुडमध्ये हे चित्रपट बनवणारे त्यांना गुन्हेपट म्हणत, मेलोड्रामा म्हणत. नॉयर हे नाव फ्रान्समधून आलं. जर्मन ताब्याच्या काळात पॅरिसमध्ये अमेरिकी चित्रपट येत नव्हते. युद्ध संपल्यावर, १९४६ च्या उन्हाळ्यात, साठलेले चित्रपट एकापाठोपाठ एक लागले. ‘द मॉल्टीज फाल्कन’, ‘लॉरा’, ‘डबल इन्डेम्निटी’ हे थोड्या दिवसांच्या अंतराने पाहणाऱ्या तिथल्या समीक्षकांना जाणवलं की हॉलिवुडच्या चित्रपटांत अंधार वाढलाय. नीनो फ्रँक या समीक्षकाने त्याच वर्षी त्यावर लिहिलं आणि नाव चिकटलं. म्हणून नॉयरची काटेकोर हद्द कोणालाच आखता येत नाही. ढोबळमानाने १९४० ते १९५८ हा त्याचा काळ धरतात.

स्वस्त मासिकांमधून आलेली माणसं

या चित्रपटांच्या गोष्टी बहुतांशी पल्प मासिकांच्या वळणाच्या. हलक्या कागदावर छापलेली, भडक मुखपृष्ठांची, काही सेंटना मिळणारी ही मासिकं. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर वाढलेल्या मराठी वाचकाला त्या वाचनाची चटक कशी असते ते सांगायला नको. अमेरिकेत ‘ब्लॅक मास्क’ हे त्यातलं सगळ्यात नावाजलेलं मासिक, आणि डॅशिएल हॅमेट हा त्यातला सगळ्यात मोठा लेखक.

हॅमेटने पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत खरोखर नोकरी केली होती. पाळत कशी ठेवतात, खोटं बोलणारा माणूस कसा बसतो, हे त्याने पाहिलेलं होतं. त्याच्या गोष्टींत प्रशस्त वाड्यांत होणारे चतुर खून नाहीत. त्यात खून करणारी माणसं गरजेपोटी, हावेपोटी, भीतीपोटी खून करतात. रेमंड चँडलर हा त्याच्यानंतरचा. तो तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, १९३२ मध्ये नोकरी गेली, आणि चाळिशी उलटून गेल्यावर तो पोटासाठी गुन्हेकथा लिहायला लागला. त्याची पहिली कादंबरी १९३९ साली आली तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला होता. तिसरा जेम्स केन, मूळचा पत्रकार. त्याने गुप्तहेर जवळजवळ काढूनच टाकला आणि गोष्ट गुन्हेगाराच्याच तोंडून सांगितली.

या तिघांच्या मागे महामंदी उभी आहे. १९२९ नंतर अमेरिकेत बँका बुडाल्या, माणसं रस्त्यावर आली, आणि कष्ट केले की फळ मिळतं यावरचा विश्वास डळमळला. नॉयरमधला नायक नेहमी एखाद्या झटपट मिळणाऱ्या रकमेकडे का बघत असतो, हे त्या दशकाशिवाय कळत नाही.

एकच पक्षी, तीन चित्रपट

‘द मॉल्टीज फाल्कन’ ही हॅमेटची कादंबरी १९३० साली पुस्तकरूपात आली आणि वॉर्नर ब्रदर्सने तिच्यावर दहा वर्षांत तीन चित्रपट केले. १९३१ मध्ये त्याच नावाने, १९३६ मध्ये ‘सेटन मेट अ लेडी’ या नावाने बेटी डेव्हिसला घेऊन, आणि १९४१ मध्ये हम्फ्री बोगार्टला घेऊन पुन्हा. नॉयर म्हणजे काय हे शिकायला पहिला आणि तिसरा चित्रपट लागोपाठ पाहण्यासारखा दुसरा धडा नाही.

मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली. हॉलिवुडच्या स्टुडिओंनी स्वतःसाठी एक नियमावली १९३० साली मान्य केली होती, पण पहिली चार वर्षं ती कोणी फारशी मनावर घेतली नाही. धार्मिक संघटनांनी बहिष्काराची धमकी दिल्यावर १९३४ च्या उन्हाळ्यात जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाकडे तिची अंमलबजावणी गेली. पटकथा आधी त्यांच्याकडून तपासून घ्यायची, तयार चित्रपटाला त्यांचं प्रमाणपत्र मिळवायचं, आणि प्रमाणपत्राशिवाय चित्रपट लावला तर २५,००० डॉलर दंड. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. गुन्ह्याची रीत तपशिलात दाखवायची नाही. विवाहबाह्य संबंध आकर्षक वाटता कामा नयेत. हे सरकारी सेन्सॉर बोर्ड नव्हतं, धंद्यानेच धंद्यावर घातलेला लगाम होता.

१९३१ चा चित्रपट या लगामाच्या आधीचा आहे. त्यातला सॅम स्पेड हा गुप्तहेर उघडउघड बायकांमागे लागणारा आहे, आणि हरवलेली नोट शोधण्यासाठी तो नायिकेला कपडे उतरवायला लावतो. १९३४ नंतर हा चित्रपट पुन्हा प्रदर्शित करायला परवानगी मिळेना. वॉर्नरने तीच कादंबरी परत परत काढली त्यामागे हेही एक कारण होतं.

१९४१ मध्ये जॉन ह्यूस्टन या पटकथालेखकाला पहिल्यांदाच दिग्दर्शन मिळालं. त्याने कादंबरीतले संवाद शक्य तितके जसेच्या तसे ठेवले आणि जे दाखवता येत नव्हतं ते नजरेत आणि खोलीच्या मांडणीत घातलं. सिडनी ग्रीनस्ट्रीट हा एकसष्ट वर्षांचा नाट्यनट पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर उभा राहत होता. आर्थर एडेसन या कॅमेरामनने कॅमेरा खाली ठेवून त्याचं अवाढव्य शरीर असं टिपलं की तो हसत बोलत असतानाही खोलीतली हवा कमी होते.

शेवट बघा. १९३१ मध्ये स्पेड तुरुंगात जाऊन पकडल्या गेलेल्या नायिकेची भेट घेतो. तुरुंग दिसतो, अर्थ कळतो, संपलं. १९४१ मध्ये तिला पोलीस लिफ्टमध्ये नेतात. जुन्या पद्धतीची जाळीच्या दाराची लिफ्ट. दार सरकतं आणि त्या दाराचे गज तिच्या चेहऱ्यासमोर येतात. तुरुंग कुठेही दाखवलेला नाही, आणि तरी तिची सगळी पुढची वर्षं त्या एका क्षणात दिसतात. ज्या पक्ष्याच्या मूर्तीसाठी इतकी माणसं मेली ती शिशाची निघते, हे आता सगळ्यांनाच ठाऊक आहे. त्या माहितीने या शेवटाचं काहीच बिघडत नाही. उलट पुन्हा पाहताना ती लिफ्ट येणार हे माहीत असल्यामुळे आधीचा बोगार्टचा चेहरा जास्त नीट वाचता येतो.

काढून घेतलेला दिवा

आता अंधाराचं तंत्र. चित्रपटात माणसाचा चेहरा उजळण्याची प्रचलित पद्धत तीन दिव्यांची. एक मुख्य दिवा समोरून, जरा बाजूने. त्याने दुसऱ्या बाजूला पडलेली सावली भरून काढायला दुसरा, मऊ प्रकाशाचा. त्याला फिल लाइट म्हणतात. आणि माणूस पार्श्वभूमीपासून सुटा दिसावा म्हणून मागून तिसरा. हॉलिवुडच्या तारका इतक्या नितळ दिसायच्या त्यात या दुसऱ्या दिव्याचा मोठा वाटा होता.

नॉयरच्या कॅमेरामननी हा दुसरा दिवा जवळजवळ विझवला. आता चेहऱ्याची एक बाजू उजळ आणि दुसरी सरळ काळोखात. खिडकीच्या पट्ट्यांच्या पडद्यामागे दिवा ठेवला की माणसाच्या अंगावर गजांसारख्या सावल्या पडतात. जिन्याच्या कठड्यामागे ठेवला की भिंतीवर पिंजरा उभा राहतो. जॉन आल्टन हा मूळचा हंगेरीचा कॅमेरामन या कामात सगळ्यांच्या पुढे गेला. त्याच्या ‘टी-मेन’ (१९४७) आणि ‘द बिग कॉम्बो’ (१९५५) मध्ये काही प्रसंग एकाच दिव्यावर तोललेले वाटतात, आणि तो दिवाही बहुतेकदा माणसाच्या मागे.

ही दृष्टी बऱ्याच अंशी जर्मनीतून आली. पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन चित्रपटांनी मनातली भीती भिंती वाकड्या करून, सावल्या लांबवून दाखवायला सुरुवात केली होती. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू कलावंतांना, आणि त्यांच्यासोबत इतरही अनेकांना, देश सोडावा लागला. १९३० साली बर्लिनमध्ये हौशी नटांना घेऊन, रविवारच्या सहलीवर, अगदी कमी पैशांत एक मूकपट झाला होता: ‘मेन्शन आम झोन्टाग’. रॉबर्ट सिओडमाक, एडगर उल्मर, बिली वाइल्डर, फ्रेड झिनेमान ही चारही तरुण पोरं त्या एका चित्रपटावर होती. पुढे चौघंही हॉलिवुडला पोचले. वाइल्डरने ‘डबल इन्डेम्निटी’ केला, सिओडमाकने ‘द किलर्स’ आणि ‘क्रिस क्रॉस’, उल्मरने ‘डीटूर’. फ्रित्झ लांग हा तर आधीच मोठा दिग्दर्शक. तोही १९३३ मध्येच जर्मनीतून निघाला. वाइल्डरची आई मागे राहिली आणि नाझींच्या नरसंहारात मारली गेली. या माणसांच्या चित्रपटांत व्यवस्थेवर कोणाचा विश्वास का नसतो, याचं उत्तर फार दूर शोधावं लागत नाही.

युद्धाने अंधाराला आणखी हातभार लावला. १९४२ पासून अमेरिकी सरकारने सेटसाठी लागणाऱ्या नव्या सामानावर मर्यादा आणली: एका चित्रपटाला ५,००० डॉलर. जुनेच सेट फिरवून वापरायचे तर ते पुरते दिसू न देणं सोयीचं. अंधार फुकट होता आणि सुंदरही होता.

आगकाड्या आणि उलटं उघडणारं दार

‘डबल इन्डेम्निटी’ कडे परत येतो, कारण पुन्हा पाहण्याचं सगळ्यात जास्त फळ या चित्रपटात मिळतं.

विम्याच्या पॉलिसीत एक कलम असे: ठरावीक प्रकारच्या अपघातात मृत्यू आला तर दुप्पट रक्कम. फिलिस ही एका तेल व्यावसायिकाची बायको आणि वॉल्टर हा एजंट मिळून नवऱ्याच्या नकळत पॉलिसी उतरवतात, त्याला मारतात आणि तो रेल्वेतून पडला असं भासवतात. ५०,००० चे १,००,००० डॉलर. केनला ही कल्पना १९२७ च्या खऱ्या खटल्यावरून सुचली: न्यूयॉर्कच्या रूथ स्नायडरने प्रियकराच्या मदतीने नवऱ्याचा खून केला, आणि त्यातही विम्याचं असंच कलम होतं. १९३५ मध्ये स्टुडिओंनी केनच्या गोष्टीवर चित्रपट करायचं मनात आणलं तेव्हा ब्रीन यांच्या कार्यालयाने ती साफ नाकारली. आठ वर्षं गेली. १९४३ मध्ये वाइल्डर आणि चँडलर यांनी मिळून पटकथा लिहिली. दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं, पण काम असं झालं की मंजुरी मिळाली.

खुनाच्या प्रसंगात वॉल्टर गाडीत मागच्या बाजूला खाली लपलेला आहे, नवरा पुढे बसलाय, फिलिस गाडी चालवतेय. ठरलेली खूण म्हणून ती हॉर्न वाजवते. खुनाची रीत दाखवायची नाही हा नियम होताच. म्हणून कॅमेरा फिलिसच्या, म्हणजे बार्बरा स्टॅनविकच्या चेहऱ्यावर जातो आणि तिथेच राहतो. शेजारी नवरा मरतोय आणि ती समोर रस्त्याकडे बघतेय. तोंडाच्या कोपऱ्यात समाधानाची बारीकशी रेघ. रक्त दाखवण्याची मुभा असती तर हा चेहरा आपल्याला मिळाला असता का, असं मला दर वेळी वाटतं. त्यानंतर प्रेत रुळांवर टाकून दोघं गाडीत बसतात आणि गाडी सुरू होत नाही. किल्ली फिरते, इंजिन घरघरतं, बंद पडतं. त्या क्षणी आपला श्वास अडकतो तो खुन्यांसाठी. आपण कधी त्यांच्या बाजूला जाऊन बसलो ते कळलेलंच नसतं. वाइल्डरने प्रेक्षकाला इतक्या अलगद सामील करून घेतलं आहे.

दुसऱ्या वेळी पाहताना वॉल्टरच्या घराच्या दाराकडे लक्ष द्या. एका प्रसंगात फिलिस व्हरांड्यात त्या उघड्या दाराआड लपते. घराची दारं सहसा आत उघडतात. हे बाहेर उघडतं. सुरक्षित कोपरा तयार करण्यासाठी वाइल्डरने वास्तव वाकवलं आहे, आणि प्रसंगात इतका ताण आहे की पहिल्यांदा बहुतेकांच्या ते ध्यानातही येत नाही. फिलिसच्या घरातल्या उन्हाच्या तिरिपेत तरंगणारी धूळ बघा. जॉन साइट्झ या कॅमेरामनने हवेत ॲल्युमिनियमची बारीक पूड उडवून ती दिसती केली. श्रीमंत घर, पण हवा शिळी.

आणि आगकाड्या. एडवर्ड जी. रॉबिन्सनने केलेला कीज हा विमा कंपनीतला दावे तपासणारा, वॉल्टरचा वरिष्ठ आणि मित्र. कीजकडे सिगार असते पण काडी कधीच नसते. दर वेळी वॉल्टर नखावर काडी ओढून त्याची सिगार पेटवून देतो. पहिल्यांदा पाहताना ती एक लकब वाटते. शेवटी वॉल्टर दारात कोसळलेला आहे, हातातली सिगरेट पेटवायलाही ताकद नाही, आणि कीज वाकून त्याच्यासाठी काडी ओढतो. या चित्रपटातलं खरं प्रेम त्या दोघांमध्ये होतं हे तेव्हा कळतं. यानंतर वॉल्टरला विषारी वायूच्या कोठडीत मृत्युदंड होतो असा शेवट वाइल्डरने खर्चिक सेट उभारून चित्रित केला होता. तो त्याने कापला. काडीनंतर सांगायचं काही उरलेलंच नव्हतं. चित्रपटाला ऑस्करची सात नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही.

उत्तरच कापून टाकलं

कोडं दुय्यम असतं याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा ‘द बिग स्लीप’ हा चित्रपट. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स, कथा चँडलरची, पटकथेवर विल्यम फॉकनर आणि ली ब्रॅकेटसारखी माणसं. गोष्टीत एका शोफरचं प्रेत गाडीसकट समुद्रातून निघतं. त्याला कोणी मारलं, हे पटकथाकारांना लागेना. त्यांनी चँडलरला तार केली. चँडलरचं उत्तर आलं की त्यालाही माहीत नाही.

चित्रपट १९४५ मध्ये तयार झाला आणि परदेशातल्या अमेरिकी सैनिकांना दाखवलाही गेला. पण सामान्य प्रेक्षकांसाठी प्रदर्शन लांबलं, आणि मधल्या काळात लॉरेन बकॉलच्या दुसऱ्या चित्रपटावर फार वाईट टीका झाली. तिची कारकीर्द सावरायला हवी म्हणून १९४६ च्या सुरुवातीला बोगार्ट आणि बकॉल यांचे नवे प्रसंग चित्रित झाले. घोड्यांच्या शर्यतीचं निमित्त करून दोघं एकमेकांचा अंदाज घेतात, तो प्रसिद्ध संवाद त्यातलाच. लांबी वाढली म्हणून काहीतरी काढायचं होतं. जिथे मार्लो हा गुप्तहेर (बोगार्ट) सरकारी वकिलाच्या कार्यालयात सगळं प्रकरण उलगडून सांगतो, नेमका तोच प्रसंग कापला. प्रेक्षकांनी तक्रार केली नाही. १९४५ ची प्रत जपून राहिली आणि १९९७ मध्ये लोकांना पाहायला मिळाली. ती समजायला सोपी आहे. चांगली मात्र १९४६ चीच.

गरिबीत घडलेलं नॉयर पाहायचं तर १९४५ चा ‘डीटूर’. उल्मर तेव्हा पीआरसी या अगदी हलक्या स्टुडिओत काम करत होता. न्यूयॉर्कचा रस्ता उभारायला पैसे नाहीत, म्हणून धुकं सोडलं आणि त्यात एक दिव्याचा खांब ठेवला. प्रवास न्यूयॉर्ककडून कॅलिफोर्नियाकडे, म्हणजे पडद्यावर उजवीकडून डावीकडे दिसायला हवा. म्हणून काही दृश्यांची निगेटिव्ह उलटी छापली. त्यामुळे गाड्या डाव्या बाजूने धावतात आणि चालक उजवीकडे बसलेला दिसतो. अमेरिकी प्रेक्षकाला हे लगेच खटकतं. आपल्याला खटकत नाही, कारण आपल्याकडे गाड्या तशाच चालतात. ॲन सॅव्हेजने त्यात केलेली व्हेरा ही मी पाहिलेल्या सगळ्या नॉयर नायिकांत सर्वांत भयंकर आणि सर्वांत केविलवाणी आहे.

बायकांबद्दल एक गोष्ट बोलायलाच हवी. पुरुषाला नादी लावून बुडवणारी स्त्री ही नॉयरची ओळख झाली, आणि तिच्यात युद्धकाळात कारखान्यांत कामाला लागलेल्या, स्वतः कमावणाऱ्या बायकांबद्दलची पुरुषांची धास्ती आहे असं अनेक अभ्यासक म्हणतात. मला ते पटतं. पण पडद्यामागे ‘लॉरा’ ची मूळ लेखिका व्हेरा कॅस्परी होती, ‘फँटम लेडी’ ची निर्माती जोन हॅरिसन होती, आणि १९५३ मध्ये आयडा लुपिनोने ‘द हिच-हायकर’ हा एकही नायिका नसलेला अंगावर काटा आणणारा नॉयर दिग्दर्शित केला. कृष्णवर्णीय माणसांना मात्र या चित्रपटांत गॅरेजमध्ये, पायपुसण्याशेजारी, ट्रे हातात घेऊनच उभं केलं. ‘डबल इन्डेम्निटी’ मधला वॉल्टर आपल्या बचावासाठी ज्या गॅरेजमधल्या माणसाची साक्ष तयार ठेवतो तो कृष्णवर्णीय चार्ली. त्याच्याशी कोणी दोन वाक्यांपलीकडे बोलत नाही. आज पाहताना हे बोचतं आणि बोचायला हवं.

नॉयर विझण्यामागे रंगीत चित्रपट आणि टीव्ही ही कारणं आहेतच, पण १९४७ पासून अमेरिकी संसदेच्या समितीने हॉलिवुडमधल्या कम्युनिस्टांचा शोध सुरू केला हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पैशाने माणूस कसा सडतो यावर बोलणारेच त्यात सापडले. ‘फोर्स ऑफ ईव्हिल’ चा दिग्दर्शक अब्राहम पोलोन्स्की काळ्या यादीत गेला, ज्यूल्स डॅसिन या दिग्दर्शकाला युरोप गाठावं लागलं, आणि १९५१ मध्ये खुद्द हॅमेट नावं सांगायला नकार दिल्याबद्दल तुरुंगात गेला.

याच जर्मन सावल्यांची एक शाखा मुंबईत पोचली होती. हिमांशु राय आणि देविका राणी यांनी १९३४ मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज काढली तेव्हा म्युनिकहून फ्रान्झ ओस्टेन हा दिग्दर्शक आणि योसेफ विर्शिंग हा कॅमेरामन आले. १९३९ मध्ये युद्ध पेटताच ब्रिटिशांनी त्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून ताब्यात घेतलं. विर्शिंग नंतर इथेच राहिला आणि १९४९ चा ‘महल’ त्याने चित्रित केला. झुलणारी झुंबरं, वाऱ्याने हलणारे पडदे, अर्धवट दिसणारी मधुबाला. दोन वर्षांनी ‘बाजी’ आला: देव आनंदच्या नवकेतन या संस्थेचा, गुरुदत्तने दिग्दर्शित केलेला त्याचा पहिला चित्रपट. गुरुदत्त आणि देव आनंद यांची मैत्री पुण्यात, प्रभातमध्ये जमलेली. जुगाराचा अड्डा, टोपी तिरकी घातलेला नायक, धूर. हॉलिवुडचं नॉयर मुंबईच्या रस्त्यावर उतरलेलं तिथे स्पष्ट दिसतं.

सुरुवात करायची असेल तर ‘द मॉल्टीज फाल्कन’ पासून करा, मग ‘डबल इन्डेम्निटी’, मग जॅक टूर्नरचा ‘आउट ऑफ द पास्ट’ (१९४७), ज्यात रॉबर्ट मिचम इतका शांतपणे खड्ड्यात उतरतो की आपण त्याला अडवायला हात पुढे करावा. ‘द बिग स्लीप’ त्यानंतरच. ‘डीटूर’, ‘स्कार्लेट स्ट्रीट’, ‘डी.ओ.ए.’, ‘द हिच-हायकर’ यांचे अमेरिकेतले हक्क संपलेले असल्याने ते इंटरनेटवर सहज सापडतात, पण त्यांच्या पुष्कळ प्रती धुवट आणि चरे पडलेल्या आहेत. ज्या चित्रपटांचा जीव काळ्या आणि करड्याच्या फरकात आहे, ते अशा प्रतीत पाहून आवडले नाहीत तर दोष त्यांचा नाही. ‘डीटूर’ ची २०१८ मध्ये दुरुस्त झालेली प्रत मिळाली तर तीच घ्या. खोलीतले दिवे मालवा, मोबाइल बाजूला ठेवा, आणि गोष्ट विसरायच्या आत, त्याच आठवड्यात, दुसऱ्यांदा लावा.